कर्नलच्या सुरक्षा-कोडमधली मेमरी लीक: राहून गेलेल्या एका ओळीची गोष्ट

पीएच.डी.च्या प्रवेश-मुलाखतीत ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय निघाला की एक प्रश्न बऱ्याचदा येतो. प्रोग्रॅमने मॅलॉक करून मेमरी घेतली, फ्री केलीच नाही आणि प्रोग्रॅम संपला. त्या मेमरीचं काय होतं? बहुतेक जण बरोबर सांगतात की प्रोसेस संपली की कर्नल तिची सगळी पानं परत घेतो, काही अडत नाही. मग समोरचे सर किंवा मॅडम शांतपणे विचारतात, "आणि मेमरी कर्नलनेच घेतली असेल तर?" इथे पंखा ऐकू येतो.

या लेखात त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि तेही कर्नलच्या एका खास कोपऱ्यातलं. लिनक्समध्ये तुम्हाला काय करायची परवानगी आहे हे ठरवणारा जो कोड आहे, त्यात मेमरी गळते तेव्हा काय होतं, ती शोधतात कशी, बुजवतात कशी, आणि बुजवताना नवं भोक कसं पडतं. विषय वरवर किरकोळ वाटतो. एखादी ओळ राहिली, ती घातली, झालं. मलाही तसंच वाटायचं.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. कर्नलच्या वर कोणी नाही. त्याने घेतलेली मेमरी परत करायची जबाबदारी त्याचीच, आणि तो विसरला तर मशीन रीस्टार्ट होईपर्यंत ती गेली. शिवाय लिनक्स कर्नलची स्वतःची मेमरी स्वॅपमध्ये जात नाही, म्हणजे गळलेला प्रत्येक बाइट खऱ्या रॅममध्ये जागा अडवून बसतो. आता हिशोब करू. समजा एका सिस्टिम कॉलमध्ये ६४ बाइट्स गळतात. ऐकायला काहीच नाही. पण तो कॉल कोणी सेकंदाला हजार वेळा केला तर दिवसभरात साडेपाच जीबी जातात. घरचा लॅपटॉप आपण अधूनमधून बंद करतो म्हणून वाचतो. महिनोन्‌महिने चालू राहणाऱ्या सर्व्हरला ती सोय नाही.

सुरक्षा-कोड म्हटलं की कोणता? लिनक्सच्या सोर्समध्ये ‘सिक्युरिटी’ नावाची एक डिरेक्टरी आहे. त्यात २००३ साली मुख्य कर्नलमध्ये आलेलं एसई-लिनक्स आहे, २००८चं स्मॅक आहे, फायलींचे हॅश मोजून ठेवणारं २००९चं आयएमए आहे, २०१०चं ॲपआर्मर आहे. आणि पासवर्ड, टोकन, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारी ‘कीज’ ही व्यवस्था आहे, ती २००४पासूनची. फाइल उघडणं, प्रोसेस सुरू करणं, सॉकेट जोडणं, अशा जवळजवळ प्रत्येक कामात यांपैकी कोणाला तरी विचारलं जातं.

म्हणूनच इथली गळती वेगळी. एखाद्या दुर्मीळ वेबकॅमच्या ड्रायव्हरमध्ये लीक असेल तर तो वेबकॅम असणाऱ्यांचा प्रश्न. सुरक्षा-कोड मात्र सगळ्यांच्या वाटेवर उभा आहे, आणि त्यातले बरेच दरवाजे साध्या, विनाअधिकार युजरलाही वाजवता येतात. दुसरी गोष्ट म्हणजे गळलेल्या तुकड्यात काय होतं हेही बघावं लागतं. ग्राफिक्सचा बफर गळला तर फक्त जागा गेली. किल्लीचा बफर गळला तर किल्ली रॅममध्ये तशीच पडून राहते. कर्नलमध्ये यासाठी मेमरी आधी शून्यांनी पुसून मग सोडणारं वेगळं फंक्शन आहे, पूर्वी त्याला के-झेड-फ्री म्हणायचे, २०२०पासून के-फ्री-सेन्सिटिव्ह म्हणतात. पण सोडायचंच राहिलं तर पुसायचंही राहिलं. तिसरी गोष्ट हल्लेखोराची. गळती बहुतेक वेळा चुकीच्या इनपुटच्या वाटेवर असते. सरळमार्गी युजर त्या वाटेला वर्षातून एकदा जातो. हल्लेखोर त्याच वाटेने दिवसभर येरझाऱ्या घालतो.

उलट हेही सांगायला हवं की प्रत्येक लीक म्हणजे संकट नाही. २०२१मध्ये आयएमएमधली एक गळती दुरुस्त झाली. चालू कर्नलमधून थेट नव्या कर्नलमध्ये उडी मारताना मोजमापांची यादी सोबत न्यायला जो बफर घेतला जातो, तो एरर आली तर परत केला जात नव्हता. चूक ती चूकच. पण ती उडी फक्त रूटला मारता येते, आणि ज्याच्याकडे रूट आहे त्याला मशीन बंद पाडायला लीकची गरज नाही. पेपर लिहिताना ‘आम्हाला चाळीस लीक सापडल्या’ असं लिहायचा मोह होतो, तेव्हा त्यांतल्या किती साध्या युजरच्या हाताला लागतात हे आधी मोजा. समीक्षक पहिलं तेच विचारतो.

एरर आली की परतीची वाट

सी भाषेत आपोआप साफसफाई करणारं काही नाही. म्हणून कर्नलमध्ये एक जुनी पद्धत आहे. फंक्शनच्या शेवटी ‘आउट’ असं एक लेबल ठेवायचं, त्याच्याखाली सगळी साफसफाई लिहायची, आणि मध्ये कुठेही एरर आली की ‘गोटू’ने तिथे उडी मारायची. कॉलेजात आपल्याला गोटू वापरू नका म्हणून बजावलेलं असतं. कर्नलचा कोड पहिल्यांदा उघडला की धक्का बसतो, पान भरून गोटू. पण ती शिस्त आहे. जिना चढताना जेवढ्या पायऱ्या चढलात तेवढ्याच उलट्या क्रमाने उतरायच्या.

लीक होते ती कोणीतरी जिना न उतरता खिडकीतून उडी मारल्यावर. म्हणजे मेमरी घेतल्यानंतर मध्येच सरळ ‘रिटर्न’ लिहिल्यावर.

२०२१चंच उदाहरण बघा. ‘ट्रस्टेड कीज’ म्हणजे टीपीएम चिपच्या मदतीने कुलूपबंद केलेल्या किल्ल्या. किल्ली बंद करणाऱ्या फंक्शनला चिपकडून ठरावीक लांबीचा रँडम आकडा लागतो. तो देणारं फंक्शन एरर आली तर ऋण संख्या देतं, नाहीतर किती बाइट्स मिळाले ते सांगतं. मागितले वीस आणि मिळाले बारा, तर उत्तर बारा. जुना कोड ‘वीस नाहीत ना, मग चला आउटला’ म्हणायचा आणि तो बारा आकडाच जसाच्या तसा वर पाठवायचा, ज्याला वरच्या थरात काहीच अर्थ नव्हता. ही चूक दुरुस्त करायला पॅच आला. ऋण असेल तर तीच एरर परत, कमी बाइट्स असतील तर इनपुट-आउटपुटची एरर परत. तर्क अचूक. फक्त दोन्ही ठिकाणी ‘गोटू आउट’च्या जागी सरळ ‘रिटर्न’ लिहिलं गेलं, आणि हॅश व नॉन्स ठेवायला आधीच घेतलेलं स्ट्रक्चर मागे राहून गेलं.

पुढे कॉलिन इयन किंग यांनी ते पकडलं. साधन होतं क्लँगचं स्कॅन-बिल्ड, म्हणजे प्रोग्रॅम न चालवता नुसता कोड वाचून वाटा तपासणारं ॲनालायझर. दुरुस्ती दोन-चार ओळींची, दोन्ही रिटर्न काढून पुन्हा आउटच्या जिन्यावर आणायचं.

या प्रकरणात मला शिकण्यासारखं वाटतं ते हे की चूक करणारा माणूस नवखा नव्हता, कोड तपासला गेला होता, आणि मूळ दुरुस्ती खरोखर गरजेची होती. माणसाचं लक्ष बदललेल्या ओळीतल्या अर्थावर असतं, तिच्या आधी तीस ओळींवर घेतलेल्या मेमरीवर नसतं. मशीनला मात्र कंटाळा येत नाही.

४२९ कोटी वेळा आत आलेला माणूस

आता मुख्य गोष्ट. ही समजली की बाकीचं सगळं सोपं आहे, त्यामुळे इथे जरा थांबू.

कर्नलमधली एखादी वस्तू एकाच वेळी अनेक जण वापरतात. ती कधी सोडायची? यासाठी प्रत्येक वस्तूवर एक काउंटर असतो. वापरायला घेतली की एक वाढवायचा, वापरून झाली की एक कमी करायचा, शून्य झाला की वस्तू मोडीत. याला रेफरन्स काउंट म्हणतात. वाढवणं ते ‘गेट’, कमी करणं ते ‘पुट’.

मी राहतो नायगावला. वसईच्या, दादरच्या नाही. इथे पूर्वेला मोठमोठ्या सोसायट्या झाल्या आहेत, आणि प्रत्येकीत एक हॉल असतो. समजा हॉलच्या दारावरच्या वॉचमनकडे बटण दाबून आकडा पुढे-मागे करायचं एक यंत्र आहे. कोणी आत गेलं की एक पुढे, बाहेर आलं की एक मागे. आकडा शून्य झाला की हॉल रिकामा, दिवे बंद, कुलूप, आणि हॉल पुढच्या पार्टीला द्यायला मोकळा. आता एक गृहस्थ दाराशी येतात. वॉचमन सवयीने बटण दाबतो. मग लक्षात येतं की हे तर आधीच मोजलेले आहेत, नुसते दाराशी येऊन उभे राहिलेत. वॉचमन म्हणतो, "काका, तुम्ही आतलेच की!" आणि काका परत जातात. पण दाबलेलं बटण मागे घ्यायचं राहतं. एकदा झालं तर फारसं बिघडत नाही. रात्री आकडा शून्य होणार नाही, हॉल विनाकारण उघडा राहील. ही झाली साधी लीक.

पण त्या यंत्राला दोनच आकडे आहेत. नव्व्याण्णवनंतर पुन्हा शून्य-शून्य. काकांच्या लक्षात हे आलं आणि ते मुद्दाम पुन्हापुन्हा दाराशी येऊ लागले तर? यंत्र फिरून शून्यावर येईल. वॉचमनच्या दृष्टीने हॉल रिकामा. तो दुसऱ्या पार्टीला देऊन टाकेल, आणि काका आतच बसलेले असतील, आता परक्यांच्या सामानात.

जानेवारी २०१६मध्ये पर्सेप्शन पॉइंट या इस्रायली कंपनीच्या संशोधकांनी जाहीर केलेली चूक शब्दशः हीच होती. तिचा सीव्हीई क्रमांक २०१६-०७२८. प्रत्येक प्रोसेसला किल्ल्यांचा एक जुडगा असतो, त्याला सेशन कीरिंग म्हणतात, आणि ‘मला अमुक नावाच्या जुडग्याला जोड’ असं प्रोसेस कर्नलला सांगू शकते. कर्नल नावाने जुडगा शोधतो, आणि शोधताना त्याचा काउंटर एकने वाढवतो. मग बघतो की हा जुडगा प्रोसेसकडे आधीपासूनच आहे का. असेल तर काम संपलं, चला परत. या ‘चला परत’च्या वाटेवर काउंटर कमी करायचा राहिला होता. चूक ३.८ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२मध्ये लिहिलेल्या कोडपासून होती. तीन वर्षं कोणाला दिसली नाही.

काउंटर ३२ बिटांचा. म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ वेळा हाक मारली की फिरून शून्य. संशोधकांनी त्या काळच्या इंटेल कोअर आय-सेव्हन प्रोसेसरवर हे करून पाहिलं, सुमारे अर्धा तास लागला. भागाकार करून बघा, सेकंदाला साधारण चोवीस लाख हाका. काउंटर शून्याला पोचला की कर्नल जुडगा मोडीत काढतो, पण प्रोसेसकडचा पॉइंटर तसाच त्या जागेकडे बोट दाखवत असतो. हल्लेखोर मग ती मोकळी झालेली जागा स्वतःच्या मजकुराने भरतो, त्यात आपल्याला हवा तो फंक्शन पॉइंटर ठेवतो आणि कर्नललाच तो चालवायला लावतो. शेवटी साधा युजर रूट होतो.

किती मशीन्सना धोका होता यावर वाद झाला. संशोधकांनी अँड्रॉइड फोनपैकी दोन-तृतीयांश म्हटलं, गूगलने तो आकडा फुगलेला आहे असं सांगितलं, कारण बऱ्याच फोनमध्ये कर्नल ३.८च्या आधीचा होता आणि नव्या अँड्रॉइडमध्ये एसई-लिनक्स ती वाट अडवत होतं. मला या वादापेक्षा दुरुस्ती जास्त लक्षात राहिली. मूळ फाइलमध्ये एक ओळ वाढली. त्या ‘चला परत’च्या आधी, ‘की-पुट’.

इथे स्वतःला एक प्रश्न विचारा. सुरुवातीला आपण म्हणालो की लीक म्हणजे जागा वाया जाणं, फार तर मशीन बंद पडणं. या प्रकरणात तर एक बाइटही वाया गेला नाही. जुडगा एकच, जागा तेवढीच. गळला तो फक्त हिशोब. आणि परिणाम मशीन बंद पडण्यापेक्षा कितीतरी वाईट झाला.

के-मेम-लीकला हे का दिसलं नसतं

कर्नलमध्ये गळती शोधायचं एक साधन आहे, के-मेम-लीक. कॅटालिन मारिनास यांनी लिहिलं, २००९मध्ये २.६.३१ आवृत्तीत आलं. कल्पना गार्बेज कलेक्टरसारखी. कर्नलने घेतलेल्या प्रत्येक तुकड्याची नोंद ठेवायची, मग दर दहा मिनिटांनी कर्नलचा डेटा आणि स्टॅक चाळायचे, आणि कोणत्या तुकड्याकडे कुठूनच पॉइंटर येत नाही ते बघायचं. ज्याच्याकडे कोणाचंच बोट नाही तो अनाथ, म्हणजे बहुधा गळलेला. ‘बहुधा’ म्हणायचं कारण असं की एखादा आकडा योगायोगाने पत्त्यासारखा दिसू शकतो, किंवा पत्ता वेगळ्या रूपात लपवलेला असू शकतो.

टीपीएमवाली लीक प्रत्यक्ष घडली असती तर के-मेम-लीकला सापडू शकली असती. फंक्शन संपलं, पॉइंटर गेला, तुकडा अनाथ. कीरिंगवाली सापडलीच नसती, कारण जुडगा अनाथ नव्हता. कर्नल सगळ्या किल्ल्या क्रमांकानुसार एका ट्रीमध्ये ठेवतो, तिथून त्याच्याकडे बोट होतंच.

पोचता येणं आणि गरज असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद ज्यांनी नीट मांडला त्यांतलं एक काम आपल्या जवळचंच आहे, पवईचं. आयआयटी मुंबईत उदय खेडकर आणि अमिताभ सान्याल यांनी अमेय करकरे यांच्यासोबत ‘हीप रेफरन्स ॲनालिसिस’वर काम केलं, ते २००७मध्ये एसीएमच्या टॉपलास या नियतकालिकात आलं. प्रश्न असा की जावासारख्या भाषेत गार्बेज कलेक्टर असूनही मेमरी का साठत जाते? कारण कलेक्टर फक्त पोचता येतं का ते बघतो. प्रोग्रॅम ती वस्तू पुढे कधी वापरणार आहे का, हे त्याला ठाऊक नसतं. या लोकांनी ते कोड वाचूनच ठरवायची पद्धत दिली, आणि गरज संपते तिथे प्रोग्रॅममध्ये ‘नल’ घालून बोट काढून घ्यायचं. अडचण अशी की लिंक्ड लिस्टमध्ये ‘पुढचा, त्याचा पुढचा, त्याचा पुढचा’ ही वाट किती लांब जाईल याला मर्यादा नसते. अमर्याद वाटा मर्यादित आलेखात बसवायच्या, याला ते ॲक्सेस ग्राफ म्हणतात.

हे काम लिनक्स कर्नलवरचं नाही, आणि तसं भासवूही नका. पण सी भाषेतल्या, हाताने गेट आणि पुट करणाऱ्या लाखो ओळींवर ‘याची गरज कुठे संपते’ हाच प्रश्न विचारता येतो. खेडकर आणि सान्याल यांचं डेटा फ्लो ॲनालिसिसवरचं पुस्तक २००९चं आहे, बागेश्री करकरे त्याच्या तिसऱ्या लेखिका. स्टॅटिक ॲनालिसिसमध्ये संशोधन करायचं असेल तर त्याची पहिली काही प्रकरणं पेन-कागद घेऊन सोडवा. नुसतं वाचून काही होत नाही, मी दोनदा नुसतं वाचून बघितलंय.

दरम्यान कर्नलवाल्यांनी दुसरी वाट धरली. २०१७मध्ये ‘रेफ-काउंट-टी’ नावाचा नवा प्रकार आला आणि कीजचा काउंटर त्याच वर्षी त्यात बदलला गेला. त्याआधी पॅक्स या प्रकल्पाने अशीच कल्पना स्वतःच्या पॅचेसमध्ये राबवली होती. हा काउंटर फिरत नाही. फार वर गेला की एका जागी अडकतो, लॉगमध्ये इशारा देतो आणि मग कधीच शून्य होत नाही. म्हणजे ती वस्तू कायमची गळते. मुद्दाम गळू दिली जाते! मेमरी वाया गेलेली चालेल, पण वापरात असलेली वस्तू मोडीत निघता कामा नये, असा तो सौदा आहे. आपल्या हॉलपुरतं बोलायचं तर नव्व्याण्णवला यंत्र अडकवून ठेवायचं. हॉल कायम उघडा राहील, विजेचं बिल येईल, पण आतल्या माणसांवर परकी पार्टी येऊन आदळणार नाही.

बुजवताना पडलेलं भोक

लीक दुरुस्त करणं म्हणजे राहिलेलं फ्री घालणं. मग कुठेही फ्री दिसलं नाही की घालून टाकावं का?

माझा पहिला पॅच असाच होता. सुरक्षा-कोडमधल्या एका फंक्शनमध्ये एरर आल्यावर मेमरी सोडलेली दिसली नाही. मी फ्रीची ओळ घातली, कंपाइल केलं, मशीन बूट झालं, रात्री दीडला पाठवून दिलं आणि समाधानाने झोपलो. सकाळच्या लोकलमध्ये, भाईंदरच्या खाडीवर, फोनवर उत्तर वाचलं. दोनच वाक्यं. हे फंक्शन कोण बोलावतं ते बघितलंस का? तिथे एरर आल्यावर हीच मेमरी सोडली जाते. म्हणजे मी जी लीक बुजवली ती नव्हतीच, आणि माझ्या पॅचने तीच मेमरी दोनदा सोडली गेली असती. नसलेली गळती काढून मी खराखुरा सुरक्षा-दोष घालत होतो. तो पॅच घेतला गेला नाही याबद्दल मी आजही त्या अनोळखी माणसाचा ऋणी आहे.

फ्रीच्या आसपास पाय कसा घसरतो याचं छापील उदाहरण हवं असेल तर ॲपआर्मरचं बघा, सीव्हीई २०१९-१८८१४. ऑडिटचा नियम तयार करताना लेबल चुकीचं निघालं तर कोड आधी नियमाची मेमरी सोडायचा, आणि मग त्या सोडलेल्या नियमातूनच एररचा क्रमांक वाचून परत करायचा. फ्री होतं, योग्य वाटेवर होतं, फक्त एक ओळ आधी होतं. दुरुस्तीत एररचा क्रमांक आधी बाजूला काढून ठेवला. मग फ्री.

तेव्हा फ्री घालण्याआधी विचारायचा प्रश्न म्हणजे ‘या क्षणी या मेमरीचा मालक कोण?’ सी भाषेत याचं उत्तर कुठेच लिहिलेलं नसतं. कधी ते फंक्शनच्या वरच्या टिपणीत असतं, कधी बोलावणाऱ्या चार फंक्शन्सच्या सवयीत, कधी ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात. ते कोडमधून आपोआप काढता येईल का, हा माझ्या मते या सगळ्या विषयातला खरा संशोधनाचा प्रश्न आहे. लीक शोधणं त्याचा उपपरिणाम.

याच कमकुवत जागेचा वापर करून अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता, आणि त्याबद्दल तुम्हाला माहीत असायलाच हवं. त्यांचा दावा असा की लहानशी दुरुस्ती वाटणारे पॅच पाठवून, त्यांतून हळूच मेमरी आधी सोडून नंतर वापरण्याचे दोष कर्नलमध्ये घुसवता येतात. ते दाखवायला त्यांनी आपली ओळख लपवून असे पॅच कर्नलच्या मेंटेनर्सना पाठवले. सदोष पॅच प्रत्यक्ष कर्नलमध्ये जाऊ दिले नाहीत असं त्यांचं म्हणणं होतं. पण ज्यांचा वेळ आणि विश्वास वापरला त्यांना विचारलं नव्हतं. एप्रिल २०२१मध्ये ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे पॅच घेणं थांबवलं, आणि आयईईईच्या सुरक्षा परिषदेत स्वीकारलेला पेपर लेखकांना मागे घ्यावा लागला. विद्यापीठातून आधी आलेले पॅच पुन्हा तपासत बसायचं काम कर्नलच्या लोकांवर आलं. त्यांतले बरेचसे प्रामाणिक होते, एरर पाथवरच्या लीक बुजवणारे, कोणा विद्यार्थ्याने मेहनतीने शोधलेले.

त्यानंतर कर्नलच्या दस्तऐवजांत संशोधकांसाठी एक वेगळं पान आलं. सार असं की सार्वजनिक कोड, पॅच, चर्चा यांचा अभ्यास खुशाल करा, पण कर्नलच्या माणसांवर प्रयोग करायचा असेल तर आधी त्यांची संमती घ्या. आणि साधन वापरून चूक शोधली असेल तर साधन कोणतं, चूक कशी सापडली, दुरुस्ती कशी तपासली, हे पॅचमध्ये लिहा. म्हणून आज कुठल्याही कॉलेजच्या पत्त्यावरून दोन ओळींचा लीकचा पॅच गेला की समोरचा माणूस जरा जास्त बारकाईने बघतो. रागावू नका. तुमच्या आधी कोणीतरी त्या दाराशी काय करून गेलंय ते त्याला आठवतंय.

सुरुवात करायची तर

महागडं मशीन लागत नाही. आठ जीबीच्या लॅपटॉपवर क्यूएमूत लहानसा कर्नल चालतो. कंपाइल करताना के-मेम-लीक चालू करा. सोबत ‘फेल-स्लॅब’ हा पर्यायही चालू करा, कारण एरर पाथ आपणहून चालत नाहीत. फेल-स्लॅब मेमरी मागणाऱ्याला मधूनमधून मुद्दाम ‘नाही’ म्हणतो, आणि मग कोण जिन्याने उतरतं आणि कोण खिडकीतून उडी मारतं ते दिसतं. गूगलचं सिझकॉलर हे साधन दिवसरात्र असे कॉल उलटसुलट करत असतं, आणि त्याला सापडलेल्या चुकांची यादी सगळ्यांना खुली आहे, लीकसकट. दुरुस्त झालेल्यांपैकी दहा निवडा आणि प्रत्येकीसाठी तीनच गोष्टी लिहा: मेमरी कोणी घेतली, मालकी कुठे हातबदल झाली, कोणत्या वाटेवर मालकच उरला नाही. पॅच न बघता लिहा, मग पॅच उघडून ताडा. चूक निघाली तर मला आवडेल, माझ्या पहिल्या दहापैकी सहा चुकल्या होत्या.

आणि कीरिंगची गोष्ट हाताने करून बघायची असेल तर आजच बघता येईल. लिनक्सवर प्रॉक डिरेक्टरीत ‘कीज’ नावाची फाइल आहे, ती उघडा. प्रत्येक ओळ एक किल्ली किंवा जुडगा, आणि तिसरा रकाना म्हणजे तोच तो काउंटर. आता सीमध्ये पंधरा ओळींचा प्रोग्रॅम लिहा: एका नावाच्या सेशन कीरिंगला शंभर वेळा जोडून घ्यायचं आणि शेवटी तीच फाइल छापायची. तुमच्या आजच्या कर्नलवर तिसऱ्या रकान्यात एखादा लहान आकडा दिसेल. मग क्यूएमूत ३.८ आणि जानेवारी २०१६च्या दुरुस्तीच्या मधला एखादा जुना कर्नल बसवा, तोच प्रोग्रॅम चालवा, आणि तोच रकाना पुन्हा वाचा.